मोडलेल्या घराची वहिवाट

मला राग लवकर येतो. घरी हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोर्टातही. एकदा एका साक्षीदाराच्या उत्तरावर मी टेबलावर असा हात आपटला, की दौत लवंडली आणि शिरस्तेदाराच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर शाई गेली. पण आयुष्यातला सगळ्यांत मोठा संताप मी केला तो टिटवाळ्यापलीकडच्या एका डोंगरावर, आणि तोही अशा माणसावर की ज्याची आई त्याच दिवशी सकाळी वारली होती.

तेव्हा मी कल्याणला तळ्याच्या काठी राहत असे. वकिली कल्याणच्या कोर्टात, आणि मोठं काही निघालं तर ठाण्याला. आमच्या घरी पळसाची पानं आणून देणारा एक ठाकूर होता. ठाकूर म्हणजे आमच्या जिल्ह्यातले डोंगरात राहणारे रानातले लोक. नावावरून कोणी फेटेवाला सरदार डोळ्यांपुढे आणू नये. कमरेला लंगोटी, लंगोटीला कोयता, आणि डोक्यावर पानांचा भारा. तो सगळ्या जगाला ‘तू’ म्हणायचा. मला ‘तू’, आमच्या मंडळींना ‘तू’, आमच्या वाड्यात उतरलेल्या मामलेदारालाही ‘तू’. मामलेदार लालबुंद झाला होता. त्या ठाकराला मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही.

एका श्रावणात तो यायचा बंद झाला. श्रावण म्हणजे आमच्याकडे सवाष्ण-ब्राह्मणांच्या पंगती, आणि पत्रावळींना पानं नाहीत. मंडळींनी माझ्या मागे भुणभुण लावली. मग एक दिवस मागच्या दारी तो रिकाम्या हातांनी उभा राहिला. जंगलखात्याच्या शिपायाने त्याला रानात पाऊल टाकायला मनाई केली होती. पानं तोडायची नाहीत, फांदी तोडायची नाही, आणि दळीही करायची नाही.

दळी म्हणजे त्यांची डोंगरउतारावरची शेती. फांद्या तोडून, वाळवून जाळायच्या, त्या राखेत नाचणी-वरी पेरायची, आणि दोन-तीन वर्षांनी तो तुकडा विसाव्याला सोडून शेजारच्या तुकड्यावर जायचं. त्या साली सरकारने रानाची हद्द ठरवायला घेतली होती. ज्याचा काही हक्क असेल त्याने मुदतीत सांगावा, असं फर्मान निघालं होतं. ह्याने जाऊन सांगितलं होतं. अधिकाऱ्याने उत्तर दिलं, की तू फिरता माणूस, तुझी इथे कायमची वस्ती नाही, म्हणून तुझा हक्क नाही. घर, दळी, बायकापोरं, सगळ्यांनी तिथून उठायचं. आता वर दाद मागायची तर ठाण्याच्या कोर्टात.

“मी काय करू?” मी म्हणालो. खरोखरच मला त्या भानगडीत पडायचं नव्हतं. सरकारविरुद्धचे दावे म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

आमच्या मंडळी आतून म्हणाल्या, “माझ्याशी रोज कज्जे जिंकता. एखादा त्याचाही जिंकून द्या की.”

वकीलपत्र घेतलं ते असं.

ठाण्याला जज्जसाहेब होते ते सुकलेल्या चणीचे इंग्रज गृहस्थ. पुण्याच्या कुठल्याशा पंतोजींकडून मराठी शिकलेले. बोलायचे कमी, ऐकायचे फार, आणि चेहऱ्यावरून काही कळू द्यायचे नाहीत. सरकारी वकील माझे जुने स्नेही. मधल्या सुट्टीत आम्ही एकाच चंचीतला विडा खात असू, आणि सुट्टी संपली की एकमेकांच्या उरावर बसत असू. त्यांचा मुद्दा एकच होता आणि तो त्यांनी पक्का धरून ठेवला होता. हे लोक आज इथे तर उद्या तिथे. डोंगरावर आज जे घर दिसतं ते खात्याची नोटीस लागल्यावर रातोरात उभं केलेलं आहे. असल्या घराने वहिवाट सिद्ध होत नाही.

जज्जसाहेबांनी बराच वेळ टाक चावला. मग म्हणाले, “मी स्वतः जाऊन पाहीन. जुनं घर उभं असेल तर एक, नसेल तर दुसरं.”

मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटल्या. मी पक्षकाराला कोर्टाच्या पायऱ्यांवर धरलं. “साहेब घर बघायला येणार. घर जुनं आहे ना?”

“हाय की. बाप मेल्यापासनं हाय,” तो म्हणाला.

म्हणजे पुष्कळ वर्षं झाली, एवढंच मी त्यातून घेतलं आणि गाडी गाठायला निघालो.

साहेब पाहणीला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी डोंगरावर गेलो. काय बोलायचं, काय बोलायचं नाही, हे एकदा घोटून घ्यावं, असा विचार होता. मार्गशीर्ष महिना. टिटवाळ्याला उतरून, काळू नदी ओलांडून, वर चढलो तेव्हा माझा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. पाड्याजवळ आलो तर कोयत्यांचे आवाज. वर पाहिलं आणि जागच्या जागी थांबलो. घरावर दोन माणसं चढली होती आणि गवताच्या पेंढ्या उपसून खाली टाकत होती. अर्धं छप्पर उघडं झालं होतं.

“हे काय चाललंय?” मी ओरडलो.

तो कुडाजवळ उभा होता. “आय गेली, वकीलदादा. सकाळच्याला.”

आंगणाच्या कडेला म्हातारी निजवलेली होती. अंगावर एक जुनेर. भोवती बायका बसल्या होत्या, आणि कुणीही मोठ्याने रडत नव्हतं.

मग कळलं ते असं. त्या पाड्यावर अशी रीत, की ज्या घरात माणूस मेलं ते घर त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत मोडायचं. आधी आढं, म्हणजे छपराचा वरचा लांब वासा, उतरवायचं. मग कूड, मग खांब. तीच लाकडं घेऊन थोड्या अंतरावर नवी जागा धरायची. ‘बाप मेल्यापासनं हाय’ ह्याचा अर्थ माझ्या डोक्यात तेव्हा शिरला.

“उद्या सकाळी साहेब येतोय,” मी म्हणालो. “घर बघायला येतोय. घर! तेच तू मोडतोस?”

“व्हय.”

“एक दिवस थांब. उद्या दुपारपर्यंत घर उभं ठेव. मग मोड, जाळ, नदीत सोड, मी हू की चू करणार नाही.”

“आय आत हाय,” तो म्हणाला.

“आई बाहेर आहे! ही काय इथे!”

“ती न्हाय. ती आत हाय. आढ्याला.” त्याने वर पाहिलं, आणि माझ्या नकळत मीही पाहिलं. “आढं काडल्याबिगर तिला वाट न्हाय गावत. रातभर आत घुटमळंल ती.”

माझा तोल गेला. मी काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. अडाण्यांनो, म्हणालो. ह्या खुळापायी तुझी पोरं देशोधडीला लागतील, म्हणालो. कोर्टाला तुमची भुतंखेतं दिसत नाहीत, घर दिसतं, आणि तेच नसेल तर उद्या ह्याच वेळेला तुमच्या दाराशी शिपाई उभा राहील. मग दार तरी कुठलं आणायचं? वरची माणसं हातातली पेंढी तशीच धरून ऐकत राहिली. तो कोयता खाली ठेवून माझ्याजवळ आला. क्षणभर मला वाटलं, आता ह्याचा हात उठणार.

“तुला आय हाय?” त्याने विचारलं.

“नाही.”

“गेली तवा तू काय क्यलंस?”

काय केलं होतं? डोकं भादरून घेतलं, सुतक पाळलं, आणि ठाण्याच्या एका मोठ्या दाव्यात तारीख वाढवून घेतली. कोर्टाने ती बिनबोभाट दिली होती. मी त्याला तसंच सांगितलं.

“मंग?” तो म्हणाला, आणि परत घराकडे वळला.

मी तसाच खाली उतरलो. साहेबांची राहुटी खालच्या गावाबाहेर आमराईत लागली होती. सरकारी वकील खुर्ची टाकून बसले होते. मी उभ्या उभ्याच अर्ज केला: अशिलाच्या घरी मर्तिक झालं आहे, पाहणी पुढे ढकलावी. बोलता बोलता घर मोडत असल्याचंही सांगावं लागलं. न सांगून चालणारच नव्हतं.

सरकारी वकील हसू आवरत म्हणाले, “साहेब, घर जुनं आहे हे सिद्ध करायची वेळ आली, आणि नेमकं आजच घर नाहीसं झालं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्या डोळ्यांत संशय दिसला. तो तिथे होता की नव्हता, देव जाणे. “मी आलो आहे,” ते म्हणाले. “उद्या जे असेल ते पाहीन.”

सकाळी आम्ही वर चढलो. साहेब पुढे, मागे जंगलखात्याचा अंमलदार, मग आम्ही दोघे वकील. मी शाळेत पाठ न केलेल्या पोरासारखा सगळ्यांत मागे. घराच्या जागी उरलं होतं काय, तर सारवलेल्या जमिनीचा एक चौकोन, चुलीची राख आणि खांबांचे खड्डे.

“खड्ड्यांची माती ताजी आहे, साहेब,” सरकारी वकील म्हणाले. ती ताजी असणारच, खांब कालच उपटले होते. पण हे तोंडाने सांगणं वेगळं आणि साहेबाला पटणं वेगळं.

साहेबांनी ठाकराला पुढे बोलावून आपल्या शिकाऊ मराठीत विचारलं, “तुझा घर कुठे गेला?”

“न्हेला. त्यो बघ.” त्याने वरच्या अंगाला उभ्या केलेल्या चार खांबांकडे बोट केलं. जज्जालाही ‘तू’च. अंमलदाराने जीभ चावली.

“असा घर किती वेळा नेला?”

मी मनातल्या मनात म्हणत होतो, गप्प बस बाबा, गप्प बस.

“म्या न्हेला. बापानं न्हेला. आज्यानं बी न्हेला. मानूस मेलं का न्हेयाचाच.”

सरकारी वकिलांनी दोन्ही हात पसरले. “साहेब, ह्याच्याच तोंडून ऐकलंत. फिरते लोक.”

सगळा दावा त्या एका उत्तरात बुडाला होता. मला त्याचा, त्याच्या रीतीचा, त्या डोंगराचा राग आला, आणि हा दावा माझ्या गळ्यात मारणाऱ्या आमच्या मंडळींचाही आला. साहेब मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी विचारलं, “आज्याचा घर कुठे होता?”

ठाकूर सागाच्या दाट झाडीत शिरला. आम्ही मागोमाग. खाली पानांचा गुडघाभर थर. थोडं चाललो असू, तोच साहेबांचा पाय एकदम आत गेला आणि ते गुडघ्यावर आपटले. अंमलदार धावला. साहेबांनी त्याला हाताने दूर सारलं आणि तिथेच बसून पानं बाजूला करायला सुरुवात केली. खाली उघडा खडक होता, आणि खडकात एक खोल गोल खळगा. आतून गुळगुळीत.

“आज्याच्या घरचं उखळ,” ठाकूर म्हणाला. “घर न्हेता येतं. ह्ये कसं न्हेयाचं?”

जिथे खडक वर आला असेल तिथेच हे लोक घर धरायचे आणि त्याच खडकात भात कांडायचं उखळ कोरायचे. लाकडं, कूड, छप्पर, सगळं पुढे जायचं. उखळ मागे राहायचं. साहेबांनी पानं काढायला लावली. उतारावर खाली एक निघालं, त्याच्या खाली आणखी एक. त्या शेवटच्याला सागाच्या मुळ्यांनी वेढा घातला होता आणि खोडावर झाडांवर खूण करायच्या जंगलखात्याच्याच हातोड्याचा जुना ठसा होता. साहेबांनी टोपी काढून त्या खोडाला कवेत घेऊन पाहिलं. हात एकमेकांना पोचले नाहीत.

“हे झाड नोटिशीनंतरचं आहे काय?” त्यांनी सरकारी वकिलांना विचारलं.

“पावसाच्या पाण्यानेही खडकात खळगे पडतात, साहेब,” ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

साहेबांनी उखळात हात घालून फिरवला. “पाणी इतकं गोल काम करत नाही,” ते म्हणाले आणि उतरायला लागले.

ठाण्याला निकाल वाचून दाखवला तेव्हा माझे कान तापले होते. अपील मंजूर. ह्या माणसाचा आणि त्याच्या पूर्वजांचा ह्या डोंगरावर वावर आहे, हे कोर्टाने मान्य केलं. सरकारी वकिलांनी बाहेर येऊन माझ्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतःच्या चंचीतला विडा दिला. आमच्या मंडळींनी देवापुढे साखर ठेवली. “पत्रावळींचा प्रश्न सुटला,” त्या म्हणाल्या, पण डोळे पुसत होत्या.

हुकुमाचा शेवटचा भाग मी घाईत ऐकला होता. कायद्याला हक्क हवा असतो तो मोजता येणाऱ्या जमिनीवर. म्हणून ठाकराचं नवं घर आणि त्याखालचे दळीचे दोन तुकडे, एवढ्याभोवती दगड पुरायचे. आतलं त्याचं, बाहेरचं सरकारी रान. ज्या उखळांनी दावा जिंकला ती सगळी बाहेर गेली.

दगड पुरून झाल्यावर तो पानांचा भारा घेऊन आमच्याकडे आला. भारा उतरवला, पाणी प्याला, आणि बसून राहिला.

“आता काय?” मी विचारलं.

“दगडाच्या आत खडक एकच हाय. त्यावर घर झालं,” तो म्हणाला. “आता घरात मानूस मेलं तं घर कुठं न्हेऊ?”

“न्यायचं कशाला? जागा तुझी झाली. कोणी उठवणार नाही तुला.”

तो माझ्याकडे बघत राहिला. आपण काय विचारलं हे ह्याला कळलंच नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मग मला कळलं. मी चिडलो, पण ह्या खेपेला त्याच्यावर नाही. जुन्या उखळांपर्यंतची जागा मिळावी म्हणून मी अर्ज केला. तोवर ते जज्जसाहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी अर्ज परत केला: अर्जदाराला घरापुरती जागा मिळालेली आहे, दुसऱ्या जागेचं कारण दिसत नाही. कारण मी तोंडाने सांगितलं तेव्हा ते हसले. मी पुन्हा मुंबईपर्यंत लिखापढी केली. तिथून उत्तरच आलं नाही.

वर्षं गेली. माझे गुडघे धरले, केस गेले. पानं आता त्याची सून आणायची. एका मार्गशीर्षात तिला विचारलं, म्हातारा कसा आहे, तर म्हणाली, “बाबा भायेर हायेत.”

“बाहेर म्हणजे?”

“दगडाच्या भायेर.”

मंडळी नको नको म्हणत असताना मी गेलो. हद्दीचा दगड ओलांडून सागात शिरलो. आज्याच्या उखळापाशी चार काठ्यांवर पळसाच्या पानांचं छप्पर घातलं होतं. त्याखाली तो निजला होता. छातीचा पिंजरा झालेला, अंगात ताप, आणि रात्रीच्या दंवाने कांबळं ओलं. बाजूला जंगलखात्याचा एक तरुण शिपाई घुटमळत उभा होता. सरकारी रानात निजायला मनाई आहे, असं काहीतरी तो मला सांगू लागला. “कर माझ्यावर फिर्याद!” मी असा गरजलो की तो दोन पावलं मागे सरला आणि मग निघूनच गेला.

मी खडकावर बसलो. “अरे, घर आहे ना तुला? इथे थंडीत का मरतोस?”

“घरात मेलो तं पोरांनी घर मोडायचं,” तो म्हणाला. मध्येच दम लागत होता. “आन् न्हेयाचं कुठं?”

मी त्याचा हात धरला. तो माझ्याकडे बघून किंचित हसला.

“तू म्हनालेलास ना, वकीलदादा, घर उभं ठेव,” तो म्हणाला. “बघ. उभं हाय.”

त्यात टोमणा नव्हता; मला हवं होतं ते आपण करून दिलं, एवढंच तो सांगत होता. मी मान वळवून पाहिलं. खाली दगडांच्या आत त्याचं घर होतं. छपरातून चुलीचा धूर निघत होता आणि आत सून भात कांडत असल्याचा आवाज येत होता. मी जिंकून दिलेलं घर ते, आणि त्यात त्याला मरायची सोय नव्हती.